उद्या दोन जास्त

वाका. अजून थोडं. तालमीचं दार बुटकंच असतं. ताठ मानेनं शिरायला गेलात तर वरची चौकट कपाळावर बसेल. उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावा, इथं सगळेच लावतात. चपला बाहेर राहिल्या ना? मग मनगटावरचं ते पावलं मोजणारं घड्याळही तिथंच काढून ठेवा. आत मोजायचं काम दुसऱ्या माणसाकडे आहे.

गाव कोल्हापूर, साल १९१३, पहाटेचे चार. तुमचं रोजचं शरीरही मी दाराबाहेर ठेवून घेतलंय. आत्ता तुम्ही पंधरा वर्षांचा पोरगा आहात. डोक्यावर ज्वारीच्या पिठाचं गठुडं आणि हातात तुपाचा गडवा घेऊन काल संध्याकाळी पंचगंगेकाठच्या एका खेड्यातून चालत इथं पोचलात. वाचणाऱ्या तुम्ही बाई असाल तरी आज पोराच्याच अंगात शिरावं लागेल, कारण या दारातून बाईला आत घेत नाहीत. ती त्या काळाची मोठी उणीव. तांबड्या मातीत आज उतरणाऱ्या मुली ती भरून काढताहेत याचा मला मनापासून आनंद आहे. असो. अंगावर लंगोट आहे, बाकी काही नाही.

बाहेर गल्लीत थंडीनं दात वाजत होते. आत पहिल्याच श्वासाला ऊब लागते. भिंती जाड दगडी, झरोके वितभर, आणि वीसेक पोरांचे श्वास त्याच हवेत फिरताहेत. डोळे अंधाराला सरावायच्या आधी वास येतो. हौद्यातली ही माती शेतातून उचलून आणून टाकलेली नाही. चाळून बारीक केलेल्या तांबड्या मातीत ताक, तेल, लिंबाचा रस, हळद, काव, कापूर मुरवलेला आहे आणि त्यावर कित्येक वर्षांचा घाम. आंबूस, उग्र वास. पहिल्या दिवशी तुम्ही नाक आक्रसाल. महिन्याभरानं गावी गेलात की याच वासासाठी जीव तुटेल.

दिवळीत चिमणी मिणमिणते आहे. तिच्या उजेडात शेंदरी मारुती, गळ्यात रुईच्या पानांची माळ. बाजूच्या कोनाड्यात मोहरमचे पंजे बसतात. पोरं मारुतीला हात जोडतात आणि जाता जाता कोनाड्यालाही हात लावतात. कुणी त्याचा वेगळा विचार करत नाही.

आता आवाज ऐका. दहा-बारा जणांचे तळवे एकदम जमिनीवर पडतात. "हूं" असा श्वास सुटतो, परत खेचला जातो. पलीकडे बैठका चालल्यात, तिथं मांड्यांचा आणि पोटऱ्यांचा सपसप आवाज. मध्येच कुणीतरी शड्डू ठोकतं आणि तो आवाज बंद खोलीत छातीवर येऊन आदळतो. बोलत मात्र कुणीच नाही.

तुमच्या हातात फावडं येतं.

नव्या पोराचं पहिलं काम हौदा उकरायचं. रात्रभर माती बसून घट्ट झालेली असते. तिच्यावर पडलं तर बरगडी जाईल. म्हणून रोज पहाटे ती खोलवर उकरायची, ढेकळं फोडायची, वरची खाली आणि खालची वर करायची, मग सपाट ओढून घ्यायची. तुम्हाला वाटतं, कुस्ती शिकायला आलो आणि इथं गडीकाम लावलं. दहा फावडी झाल्यावर ते वाटणं बंद होतं. कंबर, खांदे, मनगट, पकड, सगळं एकदम कामाला लागलेलं असतं. ताक ओतलेली ओली माती कोरडीपेक्षा केवढी जड असते हे हातांना लगेच कळतं. कोपऱ्यातला हातभर चौकोन तुमच्या वाट्याला आलाय. थोरले पैलवान अख्खा हौदा एकट्यानं उकरतात, तेही मेहनत सुरू करण्याआधी, अंग गरम व्हावं म्हणून.

"ए नवं पोरगं. हिकडं ये."

ओट्यावर घोंगडी टाकून वस्ताद बसलेत. कान चुरगळून बंद झालेले, मान आणि खांदा यांच्यामधला खळगा कधीच बुजलेला. वय साठीपुढचं असावं. डाव्या मुठीत चिंचोके.

"किती जोर मारतोस?"

तुमच्या डोक्यात अजून एकविसाव्या शतकाचं थोडं वारं शिल्लक आहे. तुम्ही छाती काढून सांगता, "पन्नास, वस्ताद."

"धा मार."

तळवे जमिनीवर, पाय मागं, कंबर वर. तिथून छाती मातीला घासत पुढं न्यायची, मान वर, नजर छताला, आणि तसंच मागं परत. चिमणीच्या उजेडात वस्तादांचा एक चिंचोका डाव्या हातातून उजव्यात जातो. दुसरा. तिसरा. सहाव्याला कोपरं थरथरतात. आठव्याला कंबर खाली पडते आणि तो चिंचोका डाव्या हातातच राहतो. मोजलाच नाही! पुन्हा मारावा लागतो. दहावा पूर्ण होतो, नाकावरून घाम मातीत टपकतो आणि तुमच्यात अजून थोडी धुगधुगी शिल्लक आहे.

"अजून मारतो की, वस्ताद."

"तुला इचारलं न्हाई. वीस बैठका मार आनि दूध पिऊन झोप."

झोप? ऐकताक्षणी अंगावर येणारं हे उत्तर आहे. ईर्षेनं भरलेल्या माणसाला सर्वांत जड वजन कोणतं, तर थांबायला सांगितल्यावर थांबण्याचं.

दुसऱ्या दिवशी पंचगंगेच्या घाटावर अंघोळीला जाता. दगडी पायऱ्या उतरताना पहिल्याच पायरीला मांड्या जागा सोडतात. शेजारून उतरणारा म्हातारा हसतो. तालमीत नवा आलाय हे त्याला चालीवरून समजलं. तिसऱ्या दिवशी दुखणं आणखी वाढतं. हेही इथं सर्वांना ठाऊक असतं, की सवय नसलेल्या मेहनतीचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं आणि मग उतरतं.

"दुखतंय?" वस्ताद विचारतात.

"व्हय."

"मग आजबी धाच."

चौथा दिवस, दहा. पाचवा, दहा. तुम्हाला हे अपमानास्पद वाटायला लागतं. आणि मग एका पहाटे दहावा जोर पहिल्यासारखाच निघतो. कंबर पडत नाही, श्वास तुटत नाही, हनुवटी वर येते तेव्हा चेहरा वाकडा होत नाही. तुम्हाला ते जाणवलंही नाही. वस्तादांना जाणवलं. शेवटचा चिंचोका उजव्या मुठीत घेत ते म्हणतात,

"उद्या दोन जास्त."

हा माणूस आकडा बघून आकडा वाढवत नाही. तो तुमचा शेवटचा जोर बघतो, आणि तो पहिल्याशी जुळला की दोनच पावलं पुढं सरकतो. शेवटचा वाकडा निघाला तर तिथंच थांबवतो. ताकद कमवण्याबद्दल मी जे काही वाचलं, ऐकलं, त्यात याहून नेमका नियम मला सापडलेला नाही.

शरीरात काय चाललंय ते तुमच्या त्या उरलेल्या आधुनिक डोक्याला कळू शकतं. पहिल्या काही आठवड्यांत स्नायू जाड होत नाहीत फारसे. मेंदूचा हुकूम आधी मोजक्याच तंतूंपर्यंत जात होता, तो आता जास्त तंतूंपर्यंत पोचतो, आणि ते एकाच वेळी ओढायला शिकतात. म्हणून दंड तेवढाच दिसतो, तरी जोर वाढतात. मग हळूहळू स्नायू भरतो. स्नायू हाडाला बांधून ठेवणाऱ्या कंडरा मात्र सर्वांत सावकाश बळकट होतात. उत्साहात असलेल्या पोराचा घात होतो तो इथं: दंड म्हणतो उचल, कंडरा अजून तयार नसते.

तीसेक वर्षांनी, १९४५ मध्ये, शिकागोच्या लष्करी रुग्णालयात थॉमस डीलॉर्म नावाचा तरुण डॉक्टर गुडघे जायबंदी झालेल्या सैनिकांना हेच करायला लावील. तोवर अशा पायांना हलकं वजन आणि पुष्कळ आवर्तनं देत. डीलॉर्म त्यांच्या पायांत लोखंडी बूट बांधील, दहा वेळा जेमतेम उचलता येईल एवढं वजन शोधील आणि आठवड्या-आठवड्याला ते पुन्हा तपासून चढवत नेईल. पुढे आर्थर वॉटकिन्ससोबत तो त्याची सुटसुटीत रीत बसवील: त्या वजनाच्या निम्म्यानं एक फेरी, पाऊणानं दुसरी, पुऱ्यानं तिसरी. जगभरच्या व्यायामशाळा आजही त्याच वाटेनं जातात. इकडे बडोद्याचे द. चिं. मुजुमदार 'व्यायाम ज्ञानकोशा'च्या दहा खंडांत जोर, बैठका, करेल, मलखांब कागदावर उतरवतील. पण तुम्ही जिथं उभे आहात तिथं कागद नाही. सगळं ज्ञान ओट्यावर घोंगडी टाकून बसलंय.

दोन महिने झालेत. आता तुम्हाला त्या कोपऱ्यात जायची परवानगी मिळते.

तिथं लाकडी करेलांच्या जोड्या भिंतीला टेकून उभ्या आहेत, धाकट्यापासून थोरल्यापर्यंत. शेजारी मुद्गल, गोलमटोल दगडी गोट्या, मुठीनं धरून उचलायचे दगडी नाल, लोखंडी साखळीची जड लेझीम. लग्नात नाचवतात ती लेझीम डोक्यातून काढून टाका. ही धनुष्यागत ताणायची, आणि शंभरदा ताणली की खांद्याच्या पात्यांमध्ये आग पेटते.

आता एक अडचण तुमच्या लक्षात आली असेल. तुमच्या काळात दांड्याला एक किलोची चकती लावली की काम झालं. इथं चकत्या नाहीत. धाकटी करेल आणि तिच्या वरची करेल यांच्यातलं अंतर एवढं मोठं आहे की मध्ये पायरीच नाही. धाकटी फिरवणारा पोरगा एकदम मधलीला हात घालील तर खांदा निखळेल. मग करायचं काय?

वस्ताद ती पायरी आकड्यानं बांधतात. धाकटी जोडी घ्या, दहा हात फिरवा. करेल खांद्यावरून पाठीमागं सोडायची, पाठीवरून वळसा घेऊन पुढं आणायची. कानाजवळून जाताना तिचा घुमणारा वारा ऐकू येतो आणि चुकलात तर ढोपरावर टोला बसतो. एकदा बसेलच. दहाचे बारा, बाराचे पंधरा, पंधराचे वीस, असं करत त्याच धाकट्या जोडीवर पन्नास हात सहज निघू लागतात. मग एक दिवस वस्ताद पायानंच मधली जोडी तुमच्याकडे सरकवतात. "ही घे. आट हात." पन्नासावरून आठावर! पोरांना हे खाली येणं फार लागतं. वजन चढलं की आकडा उतरणार आणि आकडा परत चढला की पुढचं वजन. आजच्या व्यायामशाळेत वहीवर लिहून हेच करतात. वही नसलेल्या माणसानं ते वीसेक पोरांचं एकाच वेळी तोंडपाठ ठेवलंय, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

आणि मग जोडीदार. तुमच्याच वयाचा, बाजूच्या गावचा, काटक. बैठका शंभराच्या पुढं गेल्यावर वस्ताद त्याला तुमच्या पाठीवर बसवतात. "धा बैठका. मग तू त्येच्यावर बस." त्याचे घामट हात तुमच्या गळ्याभोवती, गुडघे बरगड्यांत रुतलेले, कानात त्याचा श्वास. तो थांबून थांबून हसतोय, त्यामुळे वजन डोलतंय. तुमच्या तळपायाखालची जमीन एकदम खरी होते.

ग्रीक मल्ल मायलोची कथा तुम्ही ऐकली असेल. तो म्हणे रोज एक वासरू खांद्यावर घेऊन चालायचा. वासरू वाढत गेलं, त्याची ताकद वाढत गेली, आणि एक दिवस त्याच्या खांद्यावर पुरता बैल होता. खरी-खोटी देव जाणे. या तालमीत ती गोष्ट रोज घडते. तुमच्या पाठीवरचा पोरगाही पंधरा वर्षांचा आहे, दूध-तूप खातोय, जोर मारतोय. दर महिन्याला तो जरासा जड होतो आणि तुम्ही जरासे जास्त वाहून नेता. मग तुम्ही त्याच्या पाठीवर बसता आणि त्याच्या वाट्यालाही तेच येतं. दोघं एकमेकांचं वजन वाढवताय. यात लोखंड कुठंच नाही.

मेहनत झाली की लढत. ती आज फार लांबवत नाही. तीन थोरल्या पैलवानांनी आळीपाळीनं तुम्हाला मातीत घातलंय, कानात माती, दातांत माती, एवढं पुरे. लढत संपली की कोरड्या मातीनं अंग रगडून घाम टिपतात आणि मग गप्प पडून राहतात. मातीचा गारवा तेव्हा फार गोड लागतो.

बाहेर उजाडलंय. गल्लीच्या तोंडाशी गवळ्यांनी म्हशी आणून बांधल्यात. चरवीत धारा पडतात तो आवाज तुम्हाला तालमीतूनच ऐकू येतो. फेसाळ, कोमट धारोष्ण दूध, वरून म्हशीच्या अंगाचा वास. पहिल्या महिन्यात पेला एक. पलीकडे थोरले पैलवान दगडी कुंडीत थंडाई घोटताहेत: भिजवून सोललेले बदाम, खसखस, बडीशेप, मिरी, वेलदोडा. दांडा फिरतोय, दंडाची बेटकुळी वर-खाली होतेय. घोटणं हीदेखील मेहनतच. तुम्ही लोचट नजरेनं बघता. वस्ताद तुमच्या हातावर चारच बदाम ठेवतात.

कारण खुराकही असाच चढवायचा असतो. गडव्यातलं तूप घाईनं पोटात घातलेल्या पोराचे हाल मी इथं वर्णन करत नाही; त्या आठवड्यात त्यानं जोर कमी आणि परसाकडच्या फेऱ्या जास्त मारल्या एवढं सांगतो. पचलं तेवढंच आपलं. जोर वाढले की भूक वाढते, भूक वाढली की बदाम वाढतात. मटणाचं अळणी पाणी आठवड्यातून एकदा मिळतं, मग दोनदा. हे सगळं गरिबाच्या घराला झेपणारं नाही. म्हणूनच शाहू महाराजांनी कितीतरी पैलवानांना खुराक आणि तनखा लावून दिलाय. स्वतः कुस्तीत रमणारा राजा. मातीत पडलेल्या पोराला सकाळी काय लागतं ते त्याला सांगावं लागत नाही.

दुपारी पोरं झोपतात. गाढ, घोरत. आणि तुम्ही जागे आहात.

मला ठाऊक आहे तुमच्या मनात काय चाललंय. कोपऱ्यातली ती मोठी गोटी. तिला आजवर थोरल्यांनीच हात लावलाय. तालीम रिकामी, झरोक्यातून उन्हाची तिरीप हौद्यावर पडलेली, धूळ तरंगतेय. तुम्ही वाकता. बोटं दगडाखाली घालता. दगड गार आहे आणि गुळगुळीत, कैक वर्षांच्या हातांनी घासलेला. ओढता. तो हलतो! छाती फुलते. गुडघ्यापर्यंत येतो, मांडीवर टेकतो, आता छातीकडे घ्यायचा म्हणून तुम्ही हिसका देता आणि कमरेत उजवीकडे काहीतरी चमकतं. दगड धप्पकन मातीत.

संध्याकाळी तुम्ही चेहऱ्यावर काही दिसू न देता आत येता. उंबऱ्याला हात लावायला वाकता, आणि ओट्यावरून आवाज येतो.

"कुठली उचललीस?"

एकही शब्द न बोलता हौद्याकडे बघता. शिवी येईल, चापट बसेल, अशी तयारी आहे. वस्ताद उठून येतात, तुम्हाला पालथं पाडतात आणि तेलाच्या हातानं कंबर दाबत राहतात, बराच वेळ. अंगठा नेमका त्या जागी येतो तेव्हा डोळ्यांत पाणी उभं राहतं.

"तुझ्या बानं खोंड आनलं तर पैल्याच दिशी नांगराला जुपतो व्हय? आदी मोकळं जू टाकतो मानंवर. मग हलकं काम. मग नांगर. जनावराला जेवडं कळतंय तेवडं तुला कळू दे."

दुसऱ्या पहाटे चिंचोके मोजले जातात आणि तुमची छाती धसकते. पाच. साठ जोरांवरून पाच. आठवडाभर पाचच. हौदा उकरायचा नाही, जोडीदाराला पाठीवर घ्यायचं नाही, नुसतं बसून बघायचं. बघता बघता तुम्हाला एक गोष्ट दिसते, जी स्वतः घामाघूम असताना दिसली नव्हती. इथला सर्वांत दांडगा पैलवानदेखील दर काही आठवड्यांनी आकडा उतरवतो. तेल लावून पडून राहतो, हलकी जोडी फिरवतो, नदीवर पोहतो. मग परत चढतो, आधीच्याहून थोडा वर. ही चढण सरळ नाही. तिला ओटे आहेत, उतार आहेत.

गेल्या वर्षी, १९१२ मध्ये, खासबाग मैदान तयार झालं. महाराजांनी १९०२ साली विलायतेच्या प्रवासात रोमचं कलोसियम पाहिलं आणि तसं काही कुस्तीसाठी कोल्हापुरात हवं, हे त्यांच्या मनानं घेतलं. मधोमध हौदा आणि भोवती चढत गेलेली गोल बैठक, शेवटच्या ओळीतल्या माणसालाही खालचा डाव दिसावा अशी. वस्ताद तुम्हाला एकदा तिथं घेऊन जातात. हजारो फेटे, तंबाखूचा वास, शेंगांची टरफलं पायाखाली. खाली मातीत उतरलेल्या मल्लाची मांडी बघून तुमचा जोडीदार कुजबुजतो, "ही कशी झाली असंल रं?" तुम्हाला उत्तर ठाऊक आहे. पण शब्दांत सांगता येत नाही, म्हणून नुसतं त्याच्या खांद्यावर थोपटता.

तुमची स्वतःची पहिली कुस्ती चैत्रात, एका गावच्या जत्रेत.

ऊन टाळूत घुसतंय. नांगरून, पाणी शिंपडून केलेल्या आखाड्याभोवती माणसांचं कडं, मागची झाडावर चढलेली, त्याहून मागची बैलगाडीवर उभी. हलगी कडाडतेय, जोडीला घुमकं आणि कैताळ. तळलेल्या भज्यांचा वास, गुलाल, धूळ. जत्रेतलं कुस्त्यांचं मैदान कसं चढतं ते बघा. दुपारी सुरुवात होते ती शेंबड्या पोरांपासून. जिंकला त्याला मूठभर रेवड्या. मग आण्याच्या कुस्त्या, मग रुपयाच्या. दिवस कलताना फेटा, आणि अगदी शेवटी, उजेड जायच्या आधी, चांदीच्या कड्याची जोड. एका पोरानं आज रेवड्या घेतल्या की पुढल्या वर्षी तो आण्याला उभा राहतो. अख्ख्या मुलखानं मिळून लावलेली ही चढती माळ आहे.

पंच तुमच्यासमोर एक किरकोळ पोरगा आणून उभा करतात. वस्ताद नुसती मान हलवतात. नको. मग एक दांडगा, मिसरूड फुटलेला येतो. पुन्हा मान हलते. तिसरा तुमच्याहून बोटभर उंच, खांद्यानं जरासा भरलेला. वस्ताद पंचांकडे बघून होकार देतात.

हात मिळवा. माती उचला, त्याच्या अंगावर टाका, तो तुमच्यावर टाकील. हलगीचा ठेका बदलतो आणि गर्दीचा आवाज एकदम लांब जातो.

खडाखडी. त्याचा हात तुमच्या मानेवर आपटतो, तुमचा त्याच्या. तो पटात शिरतो! तुमचा उजवा पाय त्याच्या मिठीत आहे, तो उचलू बघतोय, आणि डावी मांडी जमिनीत रोवली जाते. रोज पाठीवर बसणारा तो हसरा पोरगा आठवतो का? तीच मांडी. ती हलत नाही. त्याचा दम लागलेला तुम्हाला कानाजवळ ऐकू येतो. पाय सोडवून घेता. कुणीतरी तुमच्या गावाचं नाव घेऊन ओरडतं. तुम्ही आत जाता, तो निसटतो. मग गर्दनखेच सुरू होते, आणि इथं गडबड आहे. तो मान ओढतो आणि तुमची मान खाली जाते. वर आणता, पुन्हा खाली जाते. प्रत्येक वेळी गुडघा मातीला टेकतो. चीत होत नाही, पण वर उठायला प्रत्येक खेपेला जास्त वेळ लागतो. पंच मध्ये पडतात, दोघांचे हात वर करतात. बरोबरीत सोडवली.

रेवड्या दोघांत वाटून. तिळाच्या, गुळाच्या, मातीनं माखलेल्या बोटांनी खाल्लेल्या. तुमच्या जोडीदारानं त्यातल्या निम्म्या पळवल्या.

परतीच्या वाटेवर वस्ताद कौतुक करत नाहीत. चंद्र वर आलाय, बैलगाडीच्या चाकांची करकर, कुठल्याशा गुऱ्हाळातून काकवीचा वास. ते मागं वळतात, तुमच्या मानेवर पंजा ठेवतात आणि दाबून बघतात, बाजारात बैल घेताना बघतात तितक्याच बारकाईनं.

दुसऱ्या पहाटे जोर झाल्यावर ते भिंतीकडे बोट दाखवतात. तिथं मानेत अडकवायची दगडी कडी टांगलीत, थोरली, मधली, धाकटी. तुमचे हात धाकटीकडे जातात.

"तिला हात लावू नगंस. तिला अजून लई येळ हाय." मग जोडीदाराला हाक. "मानंवर हात टाक ह्येच्या. हळू ओढ. पाच श्वास. सा न्हाई."

जोर दोनशेवर गेलेत तुमचे. मधली जोडी फिरते. आणि मान पाच श्वासांवर.

"उद्या सात, वस्ताद?"

"उद्याचं उद्या बघू. हनवटी वर घे."

जोडीदार दोन्ही हातांची बोटं तुमच्या मानेमागं गुंफतो, तळपाय मातीत रोवतो आणि ओढायला लागतो.